पेशंटची माहिती काउंटरवरूनच बाहेर जाते, हॅकरला दोष देऊन भागणार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डेटा संरक्षणाच्या नव्या कायद्याबद्दल हल्ली पेपरात बरंच येतंय, बँका, मोबाईल कंपन्या, शॉपिंगची अ‍ॅपं, अडीचशे कोटींचा दंड वगैरे. पण दवाखाने आणि हॉस्पिटलं यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, आणि लिहिलंच तर सगळी भाषा सर्व्हर, हॅकर, रॅन्समवेअर अशीच असते. मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात काम करते, त्याआधी रिसेप्शनवर होते, त्यामुळे फाईल कुठनं कुठं जाते, कुणाच्या हातात पडते, हे रोज डोळ्यांनी बघते. तर मला एवढंच सांगायचंय की आपल्याकडं पेशंटची माहिती बाहेर जाते ती जास्त करून आपल्यातल्याच कुणाच्या तरी तोंडून, मोबाईलमधून, नाहीतर टेबलावर उघड्या पडलेल्या फाईलीतून जाते, आणि ते थांबवायला फार पैसा लागत नाही, ठरवावं लागतं.

मिरजेबद्दल नव्याने सांगायला नको. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी इथं हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. जत, सांगोला, पंढरपूर, तिकडं अथणी, चिकोडी, विजापूरपासून पेशंट येतात. आता लांबचा पेशंट म्हटल्यावर त्याची माहिती इथं कुणाला काय कळणार असं वाटतं, पण तसं नसतं. एकाच गावातले चौघेजण एकाच एसटीतनं येतात, एकाच ओपीडीच्या बाकड्यावर बसतात, आणि स्टाफमधलं कुणीतरी त्यांच्याच पाहुण्यांतलं निघतं. म्हणजे इथं कळलेली गोष्ट संध्याकाळच्या आत गावात पोचलेली असते.

सगळ्यात जास्त त्रास मला ज्याचा होतो ते आधी सांगते. लग्नसराई जवळ आली की चौकशीचे फोन येतात. फोन करणारा माणूस सभ्य असतो, बोलणं गोड असतं, बऱ्याचदा स्टाफमधल्या कुणाची तरी ओळख काढूनच आलेला असतो. "ताई, आमच्या मुलासाठी एक स्थळ आलंय, मुलगी तुमच्याकडं मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला येत होती म्हणं, फिट येतात का हो तिला? नाही म्हणजे, तुम्ही नुसतं हो-नाही सांगा, बाकी काय नको." आणि समोर कॉम्प्युटरवर नाव टाकलं की दोन क्लिकमध्ये सगळं दिसतं. यात कुणी पैसे मागत नाही की देत नाही, सांगणाऱ्याला उलट वाटतं आपण एका घराला फसण्यापासून वाचवलं. पण त्या मुलीला आयुष्यात कधी कळत नाही की बघून गेलेले लोक परत का आले नाहीत. तिने डॉक्टरांवर विश्वास ठेवून सांगितलं, वेळेवर गोळ्या घेतल्या, फिट थांबल्या, आणि शिक्षा कशाची तर दवाखान्यात आल्याची! हिंदू विवाह कायद्यातला फिट येण्याचा मुद्दा संसदेने १९९९ मध्येच काढून टाकला, पण आमच्या काउंटरवरचा एक माणूस फोनवर नुसतं "हं" म्हणून तिचं लग्न मोडू शकतो. आणि मग अशाच गोष्टी ऐकून दुसऱ्या कुठल्यातरी मुलीचे आईवडील तिला दवाखान्यात आणायचंच टाळतात, अंगारे-धुपारे करत बसतात, फिट येतच राहतात.

यावर लोक एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो चुकीचा नाही, की समोरच्या घराला कळायला नको का? उद्या एचआयव्ही असला तर? याचा विचार कोर्टाने आणि संसदेने दोघांनीही केलेला आहे. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं अशीच केस होती, हॉस्पिटलकडून एचआयव्हीची गोष्ट बाहेर कळली आणि एका डॉक्टरचंच ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा कोर्टाने होणाऱ्या बायकोच्या जिवाला धोका आहे म्हणून हॉस्पिटलला दोषी धरलं नाही. पण त्यानंतर २०१७ मध्ये एचआयव्ही-एड्सचा वेगळा कायदा आला, सप्टेंबर २०१८ पासून तो लागूही झाला, आणि त्यात जोडीदाराला सांगायचं तर कुणी आणि कसं सांगायचं हे नीट लिहिलंय. फक्त डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतो. तेही आधी पेशंटला समजावून, तू स्वतः सांग म्हणून वेळ देऊन, तो सांगणार नाही याची खात्री पटली तर, आणि आता मी सांगणार आहे हे त्याला कळवून, मग समोरासमोर बसवून. बाईच्या बाबतीत घरात मारहाण होईल अशी भीती असेल तर त्याचाही विचार केलाय. म्हणजे बघा, जिथं सांगणं खरोखर गरजेचं आहे तिथं कायद्याने रस्ता ठेवलेला आहे, तो रस्ता डॉक्टरांच्या केबिनमधून जातो. रिसेप्शनवरच्या फोनवरून, वॉर्डबॉयकडून किंवा चहाच्या टपरीवरून जात नाही.

आणि तरी आजही अनेक ठिकाणी ऑपरेशनच्या पेशंटच्या फाईलवर वरच्या कोपऱ्यात लाल शाईने मोठ्ठ्या अक्षरात "रिअ‍ॅक्टिव्ह" लिहिलेलं असतं, म्हणजे एचआयव्हीची टेस्ट पॉझिटिव्ह. ती फाईल वॉर्डातून ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरात, ओटीतून रिकव्हरीत, तिथून बिलिंगला, बिलिंगमधून क्लेमच्या टेबलावर आणि शेवटी आमच्याकडं येते, म्हणजे इतक्या हातांतून जाते की मोजणं अवघड. झाडलोट करणाऱ्या मावशींना इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल शाईचा अर्थ त्यांनाही माहीत असतो, त्या त्या कॉटजवळ जाताना पदर तोंडाला लावतात आणि शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक ते बघत असतात. सर्जनला आणि ओटीतल्या सिस्टरला माहीत असायला हवं हे कबूल, उपचारासाठी गरज असेल तर एकमेकांना सांगायला कायद्यानेही परवानगी आहे. पण खरं तर काळजी प्रत्येक पेशंटच्या वेळी सारखीच घ्यायची असते, ग्लोव्ह्ज सगळ्यांसाठीच असतात, मग कव्हरवर लिहायची गरज काय? आत, ज्याला बघायचंय त्याला दिसेल अशा पानावर लिहा ना. एक स्टिकर कमी लावायला खर्च शून्य येतो.

आता केबिनचं. आपल्याकडं पद्धत अशी की डॉक्टर एकाला तपासतायत आणि पुढचे दोघं आत स्टुलावर बसलेत, वेळ वाचतो म्हणून. डॉक्टर विचारतात, पाळी कधी आली होती, आधी कधी खाली केलंय का म्हणजे गर्भपात झालाय का, दारू किती पिता. पेशंट एकदा डॉक्टरांकडं बघतो, एकदा स्टुलाकडं बघतो, आणि "नाही" म्हणतो. म्हणजे खोटी हिस्ट्री कागदावर येते आणि पुढचा सगळा उपचार त्या खोट्या हिस्ट्रीवर चालतो. म्हणून मी म्हणते गुप्तता हा नुसता मानपानाचा विषय नाहीये, त्यात रोगाचं निदान अडकलेलं असतं. एक पडदा, एक दार, आणि आत एका वेळी एकच पेशंट, बास. गर्दीच्या ओपीडीत हे अवघड जातं मान्य आहे मला, पण मिरजेतच काही डॉक्टर करतात, त्यांची ओपीडी काही छोटी नाही.

गर्भपाताच्या बाबतीत तर कायदा अगदी कडक आहे. २०२१ च्या दुरुस्तीत स्पष्ट घातलंय की गर्भपात केलेल्या बाईचं नाव-गाव डॉक्टरांनी उघड केलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. अठराच्या आतल्या मुलीच्या केसमध्ये पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, त्या भीतीने आईबाप भलत्याच माणसाकडं जातात आणि मुलीच्या जिवावर बेततं, म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव आणि ओळख द्यायची गरज नाही. हे किती नर्सिंग होमच्या रिसेप्शनला माहीत आहे? मला विचाराल तर ही गोष्ट प्रत्येक प्रसूतिगृहाच्या स्टाफला बसवून सांगायला पाहिजे.

मग येतो व्हॉट्सअ‍ॅप. याच्यावर लिहावं तेवढं थोडं आहे. रिपोर्ट पाठवायचा तर रिसेप्शनवरच्या मुलीच्या स्वतःच्या नंबरवरून, कारण हॉस्पिटलने वेगळा फोन दिलेला नाही. रिपोर्टचा फोटो तिच्या गॅलरीत जातो, गॅलरीतून आपोआप गूगलच्या बॅकअपला जातो, घरी गेल्यावर तो फोन लहान भावाकडं गेम खेळायला असतो. सहा-आठ महिन्यांनी ती मुलगी नोकरी सोडते, फोन तिचाच असतो, रिपोर्टही तिच्याचकडं राहतात. यात तिची काय चूक? तिला कुणी साधन दिलं नाही, शिकवलं नाही. तसंच काउंटरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब दिवसरात्र चालू, शिफ्ट बदलली तरी कुणी लॉगआऊट करत नाही. डॉक्टरांच्या ग्रुपवर एखादी अवघड केस टाकतात, सल्ला घ्यायला, ते चांगलंच आहे, पेशंटचा त्यात फायदाच होतो, पण एक्सरेच्या कोपऱ्यात नाव, वय, तारीख, हॉस्पिटल सगळं छापलेलं असतं, ते कापून टाकायला दोन सेकंद लागतात आणि तेवढे दोन सेकंद कुणी देत नाही. त्या ग्रुपमध्ये डॉक्टर असतात, डॉक्टरांबरोबर कुणी फार्मा कंपनीचा माणूस, कुणी लॅबवाला असतो, आणि फोटो पुढं गेला की परत येत नाही.

पासवर्डची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे तरी सांगते. पूर्ण मजल्याला एक लॉगिन, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर. त्यामुळे उद्या खरोखर कुणी कुणाची फाईल उघडून बघितली तर कुणी बघितली हेच कळत नाही. ते लग्नाच्या चौकशीचं मी वर लिहिलं ना, तिथं प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन असतं आणि कुणी कधी काय उघडलं याची नोंद राहते असं माहीत असतं, तर निम्मी तोंडं आपोआप बंद झाली असती. डेटा संरक्षणाच्या नव्या नियमांत हेच सांगितलंय, कुणाला काय बघता येईल ते ठरवा, बघितल्याची नोंद ठेवा, ती नोंद एक वर्ष जपून ठेवा, बॅकअप घ्या.

कॅमेऱ्यांचं वाचून तर अंगावर काटा आला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले, बायकांना तपासतानाचे, इंजेक्शन देतानाचे सीसीटीव्हीचे व्हिडिओ यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकले जातायत हे उघडकीस आलं. पोलिसांनी पकडलेल्यांत लातूरचा आणि आमच्या सांगलीचाही माणूस होता. म्हणजे हे काही लांबचं गुजरातचं प्रकरण म्हणून सोडून द्यायचं नाही. माझा साधा प्रश्न आहे, तपासणीच्या खोलीत कॅमेरा लागतोच कशाला? चोरी होते म्हणून कॅमेरा लावायचा तर दारात लावा, औषधाच्या कपाटासमोर लावा. आणि जिथं लावलाय तिथला कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदललाय का हे आज रात्रीच बघा, कारण बसवणारा माणूस तो तसाच ठेवून जातो, आणि इंटरनेटला जोडलेला असला कॅमेरा कुठूनही उघडता येतो.

मोठ्या चोऱ्या होत नाहीत असं माझं म्हणणं नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर उघडे सापडले होते, त्यात एचआयव्हीचे रिपोर्टही नावानिशी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात कित्येक दिवस केसपेपर, रिपोर्ट, बिलं सगळं हाताने लिहून काम चाललं. २०२४ मध्ये स्टार हेल्थ विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती मेडिकल कागदांसकट टेलिग्रामवर मिळत होती. हे सगळं भयंकरच आहे. पण त्या बातम्या वाचून आमच्यासारख्या पन्नास बेडच्या हॉस्पिटलला वाटतं की हे मोठ्यांचे प्रॉब्लेम, आपल्याला कोण हॅक करायला येतंय. आणि तिथंच विषय संपतो, चिठ्ठी मॉनिटरवर तशीच राहते.

विम्याचंच आणखी एक सांगते, कारण हे बाहेरच्या कुणाला दिसत नाही. क्लेम आला की कंपनीचा तपासणी करणारा माणूस रेकॉर्डला येतो, हातात पत्र असतं, पेशंटची सही असते, त्याला त्या पेशंटचे कागद दाखवणं बरोबरच आहे. पण तो म्हणतो रजिस्टर दाखवा, अ‍ॅडमिशनची नोंद बघायचीय, आणि रजिस्टर उघडलं की मोबाईल काढून अख्ख्या पानाचा फोटो मारतो. त्या पानावर आणखी दहा-बारा जणांची नावं, गावं, आजार असतात, त्यांनी कुठं सही दिलीय? मी जाड पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच पाडून घेतलीय, ती पानावर ठेवते, पाहिजे ती ओळ तेवढी दिसते, बाकी झाकलेलं. काही जण चिडतात. चिडू देत.

आणि रद्दी. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमाप्रमाणे डॉक्टरांनी रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं असतं, तीन वर्षं झाली की जागा होत नाही म्हणून पोती भरून रद्दीवाल्याला. जुन्या एक्सरे फिल्मला तर भाव येतो, त्यातली चांदी काढतात, म्हणून त्या आवर्जून विकल्या जातात, नावासकट. कागद फाडायचं मशीन काही हजारांत येतं. तेही नको असेल तर पोती फोडून कागद लगद्यात गेला हे कुणीतरी उभं राहून बघा आणि रजिस्टरला सही करा.

आता कायद्याकडं येते. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, त्यानंतर होता होता ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. नियमांप्रमाणे मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. त्यात छोटा दवाखाना, लॅब, हॉस्पिटल सगळे येतात. माहिती कशासाठी घेताय ते साध्या भाषेत सांगून संमती घ्यायची, तेवढ्यासाठीच वापरायची, सॉफ्टवेअरवाल्याला माहिती देत असाल तर त्याच्याशी करार करायचा, तक्रार कुणाकडं करायची ते सांगायचं, आणि माहिती फुटली तर ती ज्यांची आहे त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं, शिवाय डेटा संरक्षण मंडळालाही, सविस्तर माहिती ७२ तासांत. इमर्जन्सीत संमतीसाठी थांबायचं नाही, जीव आधी, हेही कायद्यात आहे.

पण दोन गोष्टी मला फार खटकतात. एक म्हणजे हा कायदा फक्त डिजिटल माहितीला, किंवा कागदावरून डिजिटल केलेल्या माहितीला लागू आहे. आपल्याकडं निम्म्याहून जास्त काम कागदावर चालतं, तो लाल शाईचा शेरा, ते रजिस्टर, ती रद्दीची पोती, हे सगळं या कायद्याच्या बाहेर राहतं. तिथं एचआयव्हीचा कायदा आहे, मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा आहे, मेडिकल कौन्सिलचे नियम आहेत, पण ते तुकड्यातुकड्यांत आहेत. मधुमेहाच्या, टीबीच्या, वंध्यत्वाच्या, कॅन्सरच्या कागदाचं काय? दुसरी गोष्ट, अडीचशे कोटींपर्यंतचा दंड म्हणतात तो सगळा सरकारजमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात त्यातला एक रुपया येत नाही. आधीच्या आयटी कायद्यात कलम ४३ अ होतं, त्याखाली नुकसान झालेल्याला भरपाई मागता यायची, ते कलम या नव्या कायद्याने काढून टाकलं जातंय. म्हणजे जिचं लग्न मोडलं, जिची नोकरी गेली, तिने तक्रार करायची, हेलपाटे घालायचे, आणि दंड सरकारने घ्यायचा. हे मला अजिबात पटत नाही. आपल्या खासदारांनी हा मुद्दा संसदेत लावून धरला पाहिजे, पक्ष कुठलाही असू दे.

डॉक्टरांची बाजूही लिहिते कारण ती खरी आहे. नवरा-बायको दोघं डॉक्टर, दहा बेडचं नर्सिंग होम, चार-पाच जणांचा स्टाफ, त्यात अग्निशमनाचं प्रमाणपत्र, बायोमेडिकल वेस्ट, सोनोग्राफीचे एफ फॉर्म, नर्सिंग होम नोंदणीचं नूतनीकरण, आणि आता हे. त्यातच "अडीचशे कोटींचा दंड होईल" असं घाबरवून लाखाची पॅकेजं विकणारे लोक फिरायला लागलेत. त्यांना बळी पडू नका. अडीचशे कोटी ही वरची मर्यादा आहे, दंड ठरवताना प्रकरण किती गंभीर, फुटलेली माहिती कसली, आणि त्याचे परिणाम कमी करायला तुम्ही काय केलं हे मंडळाने बघायचं आहे. वेगळा फोन, वेगळी लॉगिन, एक पडदा, एक कुलूपबंद कपाट, कामावर येणाऱ्या प्रत्येकाकडून गुप्ततेची लेखी हमी आणि वर्षातून दोनदा तासभर शिकवणं, एवढ्यावर बरंच काम होतं. नवीन लागलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी "फोनवर कुणालाही काही सांगायचं नाही, पेशंट आमच्याकडं येतो की नाही हेसुद्धा नाही" हे एक वाक्य पाठ करून घ्या.

घरच्यांचा प्रश्न मात्र सोपा नाही, आणि यावर माझं मत सगळ्यांना पटेल असं नाही. आपल्याकडं पेशंट एकटा येतच नाही, बरोबर मुलगा, सून, भाऊ, शेजारी असतात, डॉक्टर आईला बाहेर बसवून मुलाला सांगतात, "त्यांना सांगू नका, खचतील." मायेपोटीच असतं हे, मी नाही म्हणत नाही. पण आजार आईचा आहे, शरीर तिचं आहे. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर एकच ओळ वाढवा, "माझ्या तब्येतीबद्दल कुणाला सांगायचं" आणि पुढं पेशंटला स्वतःला नाव लिहू द्या, एक, दोन, जितकी पाहिजेत तितकी. कितीतरी बायका तिथं नवऱ्याचं नाही, बहिणीचं नाव सांगतात, आणि त्याला त्यांची कारणं असतात. ती कारणं विचारायचा आपल्याला हक्क नाही.

उलट बाजूही आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही हॉस्पिटलं आता पेशंटलाच त्याची फाईल द्यायला नको म्हणतात आणि वर "प्रायव्हसीचा नियम आहे" सांगतात. असा काही नियम नाही. पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्डची प्रत दिली पाहिजे असं २००२ पासून लिहिलेलं आहे. गुप्तता बाकी जगापासून पाळायची असते, ज्याचं शरीर आहे त्याच्यापासून नाही. कुणी असं सांगितलं तर लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या, तोंडी मागत बसू नका.

शेवटी दोन मागण्या करते. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय पेशंटला मिळाला पाहिजे असं कायद्यातच आहे, त्या यादीत मराठी आहे आणि कन्नडही आहे. आज आमच्याकडं अथणीहून आलेली आजी इंग्रजी फॉर्मवर अंगठा उठवते आणि नातू "काय नाही, सही पाहिजे नुसती" म्हणतो. ही संमती नव्हे. तर आपल्या भागातल्या डॉक्टरांच्या संघटनांनी एकत्र बसून मराठीत आणि कन्नडमध्ये एका पानाचा, मोठ्या अक्षरातला संमतीचा नमुना करावा आणि सगळ्यांना फुकट द्यावा, प्रत्येक दवाखान्याने वेगळा वकील लावायची गरज नाही. मजकूर साध्या बोलीत लिहून द्यायचं काम असेल तर आमच्यासारखे रेकॉर्डमधले लोक आनंदाने करतील.

दुसरी मागणी तुमच्याकडं. तुमच्या पेपरातही अपघाताच्या, विषबाधेच्या, आत्महत्येच्या प्रयत्नाच्या बातमीत पेशंटचं पूर्ण नाव, वय, गल्ली आणि कुठल्या वॉर्डात ठेवलंय हे छापून येतं, कधी कॉटवरचा फोटोही येतो. ती माहिती आमच्याच कॅज्युअल्टीतून कुणीतरी दिलेली असते, त्यामुळे दोष दोन्हीकडं आहे. वाचलेला माणूस पंधरा दिवसांनी घरी जातो तेव्हा बातमी त्याच्या आधी गल्लीत पोचलेली असते. नाव न छापता बातमी देता येते, तेवढं आपण ठरवावं ही विनंती.

कळावे,
आपली नियमित वाचक,
मिरज
(नोकरीत असल्यामुळे नाव छापू नये)